बायकोपर्यंतचं अंतर

जो माणूस मला 'दाजी' म्हणतो त्याच्यावर जळायची मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. तो सांगलीचा, तिकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. माझ्या बायकोला तो पहिल्या भेटीपासून ताई म्हणायचा, म्हणजे एका शब्दात तो माझा मेहुणा होऊन बसला आणि माझ्या तक्रारीची सगळी दारं त्यानं बाहेरून लावून घेतली. ताई म्हणणाऱ्या माणसावरून बायकोशी भांडायचं तर कोणत्या तोंडानं?

आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनला राहतो. मी तिथल्याच एका मोठ्या कंपनीत गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं कुठे फसेल हे शोधायचं, हेच माझं काम, आणि खरं सांगायचं तर हाच माझा स्वभाव. बायको स्टुटगार्टला ट्रामनं जाते, तिचंही काम सॉफ्टवेअरचंच. बारा वर्षं आमचा डोंगराशी संबंध एवढाच होता, की वर्षातून एकदा आल्प्समधल्या आल्गॉयला जायचं, दोरीच्या पाळण्यातून वर जायचं, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खायची, मुलीचा बर्फात फोटो काढायचा आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं. मला ते पुरत होतं. बायकोलाही पुरतंय असं मी धरून चाललो होतो.

मग आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला हा आला. म्युनिकला बर्फाच्या थरांवर पीएचडी करत होता. तिशी ओलांडलेला, उन्हानं नाक सोललेला, अंगात कुर्ता आणि पायात डोंगरातले बूट. कुणीतरी त्याला हौसेनं दहा मिनिटं बोलायला सांगितलं. त्यानं हॉलच्या स्वयंपाकघरातून एक मोठा ट्रे मागवला, त्यात साखर पसरली, साखरेवर मैदा ओतला आणि वाटीनं थापून घट्ट केला. वरून अगदी गुळगुळीत, पांढरं, छान दिसत होतं. मग त्यानं ट्रे हळूहळू तिरका केला. आम्हाला वाटलं मैदा भुरूभुरू सांडेल. तो सांडला नाही. मधून एक रेघ फाटली आणि अख्खी वडीच्या वडी एका तुकड्यात घसरून टेबलावर आली.

"डोंगरात अगदी हेच होतंय," तो म्हणाला. "नोव्हेंबरात थोडा बर्फ पडतो, मग कडक थंडी, आभाळ स्वच्छ. त्या पातळ थराचे असे साखरेसारखे सुटे दाणे होतात, एकमेकांना धरत नाहीत. त्यावर जानेवारीत वारं नवा बर्फ आणून थापतं. वरनं बघणाऱ्याला काय कळणार? खालची साखर वसंतापर्यंत तशीच राहते बघा."

माझी बायको त्या वेळी तिळगूळ वाटत होती. ताट हातात धरून ती तशीच उभी राहिली. तिनं त्याला लागोपाठ तीन प्रश्न विचारले. बारा वर्षं मी ब्रेकबद्दल बोलतोय, तिनं मला एक प्रश्न विचारलेला मला आठवत नाही. हॉलमधल्या सगळ्यांत शेवटी तिळगूळ मला मिळाला, तोही लक्षात आणून दिल्यावर.

पुढच्या महिन्यात घरात बर्फात चालायचे ते जाळीदार चपट्या तळाचे श्नेशू आले. मग घडीची काठी आली, घडीचं फावडं आलं, आणि छातीशी बांधायचं एक यंत्र आलं. त्याला सगळे एलव्हीएस म्हणतात. ते सतत हलकी खूण हवेत सोडत राहतं. कुणी बर्फाखाली गाडलं गेलं तर बाकीच्यांनी आपलं यंत्र शोधण्यावर टाकायचं, मग पडद्यावर बाण येतो आणि गाडलेला माणूस किती मीटरवर आहे त्याचा आकडा येतो. आकडा कमी कमी करत जायचं, काठी खुपसायची, खणायचं. पहिली दहा-पंधरा मिनिटं महत्त्वाची. हे सगळं मला बायकोनं सांगितलं आणि सांगताना तिचे डोळे असे चमकत होते, की माझ्या पोटात दुखायला लागलं.

संध्याकाळच्या चहाबरोबर ती दुसऱ्या दिवसाचा हिमकडे कोसळण्याच्या धोक्याचा अहवाल वाचायची. "उद्या वर पाचपैकी तीन आहे, खाली दोन," असं ती म्हणायची, मुलीचे मार्क सांगावेत तशी. आणि मग फोन वाजायचा. तो फोटो पाठवायचा. बारीक चौकटी आखलेल्या काळ्या पट्टीवर ठेवलेले बर्फाचे दाणे. खाली काही नाही, फार तर 'ताई, हे बघा'. ती तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघत राहायची. आता यात हरकत घेण्यासारखं काय होतं? एका बाईला एक संशोधक साखरेचे दाणे पाठवतो. मी त्या फोनकडे अशा नजरेनं बघायचो, की आमच्या मुलीनं एकदा टोस्ट खाता खाता सरळ विचारलं, "पापा, बिस्ट डू आयफरझ्युश्टिश?" जळतोस का, असं विचारत होती. मी म्हटलं, मराठीत बोल. ती म्हणाली, मराठीतला शब्द तिला येत नाही. मी शिकवला नाही.

शनिवारी सकाळी बायको जायची आणि रविवारी दुपारी लालबुंद चेहरा घेऊन परत यायची. तिच्याबरोबर इतरही दोन-तीन जण असायचे, कधी कधी फक्त तो. ती आंघोळ करून आमटी-भात खात बसायची आणि बोलत सुटायची. त्यानं कसा खड्डा खणला, थरांवरून बोट कसं फिरवायचं, कुठल्या थरात मूठ जाते आणि कुठल्यात फक्त पेन्सिल. "आणि बर्फ 'हुम्म' करतो माहितीये? खालचा थर बसला ना, की आवाज येतो. झोपेत म्हातारं माणूस कण्हतं ना, तसा. तो आला की तिथल्या तिथे थांबायचं." मी म्हणायचो, "हो का." कानामागून आली आणि तिखट झाली, असं आपण म्हणतो. हा कानामागून आला आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर बसला.

एका रविवारी माझ्यानं राहवलं नाही. मी विचारलं, "समजा, तू गाडली गेलीस. आम्ही दोघंही वर आहोत, मी आणि तो. तुला कुणी शोधावं?"

तिनं कोशिंबीर तोंडात घातली, चावली आणि म्हणाली, "त्यानं. अर्थात."

"अर्थात?"

"अरे, तू घाबरतोस. किल्ली सापडली नाही तरी घर डोक्यावर घेतोस. त्याला सराव आहे. मी पण आता चांगली शोधते. तो म्हणतो, त्याच्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगली. शोधणाऱ्याचं डोकं थंड पाहिजे, बस."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी परतवला असता. ती मला वस्तुस्थिती सांगत होती, ब्रेड संपलाय हे सांगतात तशी. लग्नात आपण सात पावलं चाललो ती काय म्हणून, असं तेव्हा माझ्या मनात आलं. जिच्याशी मी जन्माची गाठ बांधली ती स्वतःला बर्फाखालून बाहेर काढायला दुसऱ्या माणसाला पसंती देत होती, आणि कारणही बिनतोड होतं. ते 'अर्थात' माझ्या दातात बडीशेपेच्या काडीसारखं अडकून बसलं.

मी सराव करायचं ठरवलं. ऑनलाइन जुन्या सामानातून एक जुनं एलव्हीएस मिळवलं. नवं कशाला, असा माझा पुणेरी हिशोब. त्याला कानात घालायच्या वायरीसाठी भोकसुद्धा होतं, आताच्या यंत्रांना ते नसतं. गुरुवारी बायको योगाला गेली, की तिचं यंत्र डब्यात घालून गावामागच्या चेरीच्या बागांत पालापाचोळ्याखाली पुरायचं, पन्नास पावलं लांब जायचं, डोळे मिटून दोन गिरक्या घ्यायच्या आणि शोधायचं. पहिल्या दिवशी मला एकवीस मिनिटं लागली. कुत्रा घेऊन फिरणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, काही हरवलंय का. मी म्हटलं, "या, माइने फ्राऊ." हो, माझी बायको. त्यांनी कुत्र्याचा पट्टा आवळून धरला आणि रस्ता बदलला. महिन्याभरात मी सहा मिनिटांवर आलो. बायकोला यातलं काही सांगितलं नाही. तिच्या यंत्राला ओल्या पानांचा वास का येतो, हे तिनं एकदा विचारलं, तेव्हाही नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी म्हटलं, मी पण येतो. ती खूश झाली. मनापासून झाली, ते मला तेव्हाही दिसत होतं, पण त्याचा आनंद घ्यायला मी मोकळा नव्हतो. तो तर दुप्पट खूश झाला. "चला की दाजी. तुम्ही आला म्हटल्यावर मजाच." मला वाटलं, नाटकी आहे. आता वाटतं, नव्हता.

निघायच्या ठिकाणी, गाडी लावली की, एक रिवाज असतो. एकानं पुढे जाऊन उभं राहायचं, आपलं यंत्र शोधण्यावर टाकायचं आणि बाकीच्यांनी मधे अंतर सोडून एकेक करून त्याच्या जवळून जायचं. प्रत्येक वेळी आपलं यंत्र वाजलं की मान हलवायची, पुढे. ज्याच्या वेळी वाजणार नाही तो डोंगर चढणार नाही. हे काम तो करायचा. मी त्याच्यासमोरून जायचो, त्याचं यंत्र वाजायचं, तो म्हणायचा, "दाजी आहेत." शाळेतल्या हजेरीसारखं. मला राग यायचा. मी आहेच, तू कोण ठरवणार?

चढाला क्रम ठरलेला. पुढे तो, मधे बायको, मागे मी. तीव्र उतारावर दहा-दहा मीटर अंतर ठेवायचं, म्हणजे सगळ्यांचं ओझं एका ठिकाणी पडत नाही, आणि घसरलंच तर एकच जण जातो. नियम शहाणपणाचा होता, पण बायकोच्या मागे दहा मीटर चालणाऱ्या माणसाला तिचं पुढच्याशी चाललेलं बोलणं ऐकू येत नाही. हसणं मात्र येतं.

पहिल्याच वेळी धुकं आलं आणि मला दोघंही दिसेनासे झाले. पायवाट होती, घाबरायचं कारण नव्हतं. तरी मी जाकिटातून यंत्र बाहेर काढलं आणि शोधण्यावर टाकलं. पडद्यावर दोन छोटी माणसं आली. एक अकरावर, एक तेवीसवर. म्हणजे त्या दोघांत बारा मीटर. मला एकदम बरं वाटलं. थोड्या वेळानं परत बघितलं. नऊ आणि बावीस. ते यंत्र माणूस शोधण्यासाठी केलं होतं. मी त्याच्यावर वजाबाकी करत बसलो.

तेव्हापासून सवय लागली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते खोटं नाही. शोधताना यंत्र वाजतं, म्हणून मी एका कानात वायर घातली. बायकोनं विचारलं, काय ऐकतोयस. मी म्हटलं, नाट्यसंगीत, दम टिकतो. तो पुढून ओरडला, "दाजी शौकीन आहेत." मी कानात बायकोची टिकटिक ऐकत होतो. जवळ असली की घाई, लांब गेली की सावकाश. बराच वेळ शोधण्यावर राहिलं तर ते यंत्र आपोआप परत खूण सोडायला लागायचं, पण त्याआधी मोठ्यांदा इशारा द्यायचं, म्हणून ती सोयही मी खटपट करून बंद केली. हजेरीच्या वेळी सगळं बरोबर ठेवायचं, पहिलं वळण आलं की बटण फिरवायचं. शोधण्यावर असलेलं यंत्र खूण सोडत नाही. हे मला माहीत होतं. ब्रेक तपासणाऱ्या माणसाला ते माहीत नसणार तर कुणाला? पण मला वाटायचं, गाडली गेली तर ती जाणार, मी शोधणार, सहा मिनिटांत. मी गाडला जाईन हे कधी मनातही आलं नाही. त्या खेळात माझं काम ठरलेलं होतं.

चौथ्या वेळी गेलो तो फेब्रुवारीतला शनिवार. आदल्या दोन दिवसांत वारा झाला होता. अहवालात वर तीन, खाली दोन होतं. आम्ही खालच्याच बाजूनं जाणार होतो, झाडांच्या कडेकडेनं. मधे फक्त एक उघडा पट्टा ओलांडायचा होता, उत्तरेकडे तोंड असलेला, सूर्य न लागणारा. त्या पट्ट्यापाशी आल्यावर तो थांबला आणि म्हणाला, इथून एकेकानं. मी पलीकडे त्या खडकापाशी जातो, मग ताई, मग मी हाक मारली की दाजी. हाक आल्याशिवाय निघायचं नाही आणि पाऊल माझ्या पावलावरच टाकायचं.

तो गेला. मग ती गेली. मग धुकं आलं आणि खडकही दिसेना. मी उभा राहिलो, यंत्र हातात धरून. तिचा आकडा वाढत गेला, सव्वीस, एकोणतीस, एकतीस, आणि थांबला. पोचली. आता हाक यायला हवी होती. आली नाही. मी दुसऱ्या माणसावर पडदा नेला. एकतीस. परत तिच्यावर. एकतीस. दोघांत अंतर शून्य. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. तिचं हसणं ऐकू आलं, किंवा आल्यासारखं वाटलं. एकतीस आणि एकतीस. धुक्यात, खडकाआड, आणि मला हाक मारायची कुणाला आठवण नाही. मला त्या क्षणी काय वाटत होतं ते लपवण्यात अर्थ नाही. मला दोघांना पकडायचं होतं. काय करताना, ते मलाही माहीत नव्हतं, पण पकडायचं होतं.

मी निघालो. त्यांच्या पावलांवरून गेलो असतो तर वळसा पडला असता. पडद्यावरचा बाण सरळ, थोडा वरच्या अंगाला दाखवत होता, मी बाणामागे गेलो. पंधरा-वीस पावलं टाकली असतील, पायाखाली बर्फ कण्हला. हुम्म. मी ओळखला तो आवाज, जेवणाच्या टेबलावर इतक्या वेळा ऐकला होता. थांबायचं हे मला माहीत होतं आणि मी थांबलोही, पण माझ्या वर एक बारीक रेघ उमटली आणि पायाखालची जमीन सतरंजी ओढावी तशी निघाली.

फार मोठं नव्हतं ते. तो नंतर म्हणाला, छोटं होतं. तीस-चाळीस मीटर खाली नेऊन त्यानं मला एका खोलगट भागात टाकलं. छातीपर्यंत गच्च, उजवा गुडघा पिरगळलेला, दोन्ही हात खांद्यापर्यंत बर्फात, तोंड उघडं. मी डोळे मिचकावू शकत होतो. ओरडायला गेलो तर छाती फुगेना, नुसता घरघर आवाज आला. मधे उंचवटा होता, त्यामुळे वरून मी दिसत नव्हतो. कानातली वायर तेवढी कानात होती. टिकटिक ऐकू येत होती, संथ आणि लांब. मग ती अचानक बंद झाली. दोघांनी आपापली यंत्रं शोधण्यावर टाकली होती.

तिथे पडल्या पडल्या मला कळलं मी काय केलंय. आता डोंगरावर तीन यंत्रं होती आणि तिन्ही शोधत होती. सापडायला कुणीच नव्हतं.

किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. त्यानं नंतर घड्याळावरून चार मिनिटं सांगितली. आधी त्याची काठी उंचवट्यावर दिसली, मग तो. मला बघून त्यानं मागे वळून हाक मारली, "ताई, इकडे. तोंड बाहेर आहे." आणि माझ्यापाशी येऊन, शांतपणे, आधी माझ्या छातीसमोरचा बर्फ त्यानं फावड्यानं काढला. "श्वास घ्या दाजी. बोलू नका." त्याचा हात जराही कापत नव्हता. माझी बायको अगदी बरोबर होती. आणि मी, छातीपर्यंत बर्फात रुतलेला, त्या न कापणाऱ्या हाताचाही हेवा करत होतो.

ती आली नाही. त्यानं परत हाक मारली, तरी आली नाही. शेवटी तो वर जाऊन तिला दंडाला धरून घेऊन आला. तिच्या हातात मोजे नव्हते. बोटं लाल-निळी झाली होती आणि दोन नखांतून रक्त येत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती गुडघ्यावर बसली.

झाडांपर्यंत उतरून आल्यावर तो माझा गुडघा बांधत होता तेव्हा ती म्हणाली, "तुझं यंत्र बिघडलंय. काहीच येत नव्हतं. नुसती रेघ. कुठेही गेले तरी रेघ." आणि तिनं माझ्या गळ्यातली दोरी ओढून यंत्र बाहेर काढलं. बटण शोधण्यावर होतं. वायर लोंबत होती. तिनं ती वायर उचलली, कानाला लावली, बराच वेळ ऐकलं. मग मला म्हणाली, "नाट्यसंगीत?"

मी सगळं सांगितलं. त्याच्यासमोरच सांगितलं. अकरा आणि तेवीस सांगितलं, वजाबाकी सांगितली, एकतीस आणि एकतीस सांगितलं. तो खाली मान घालून पट्टी बांधत राहिला. मग, कुणाचीच बाजू न घेता, म्हणाला, "दाजी, तो आकडा सरळ अंतराचा नसतो. लहरी वाकड्या येतात. दोघांचा सारखा आकडा आला तरी दोघं चांगली लांब असू शकतात." आणि त्यानं पुढचंही सांगितलं. "मी खाली खड्डा खणत होतो. साखर निघाली. ताई वर खडकाला धरून उभ्या होत्या. तिकडनंच म्हणाल्या, परत फिरूया, दाजींना इकडे बोलवायलाच नको. आम्ही हाक मारणारच होतो, तिथेच थांबा म्हणून."

बायकोनं वायर यंत्राभोवती नीट गुंडाळली. "तुला मी कुठे आहे ते बघायचं होतं," ती म्हणाली. "म्हणून तू कुठे आहेस हे कळायची सोय बंद केलीस. मी काय करायचं होतं मग?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

ती गाडी काढायला गेली तेव्हा तो मला काठीच्या आधारानं चालवत होता. मी काही विचारलं नव्हतं. तोच म्हणाला, "ताईंना मी इतक्या वेळा शिकवलंय. सिग्नल नसला तर आधी डोळ्यांनी बघायचं, काय पडलंय का, काय दिसतंय का, मग काठी. त्यांना सगळं येतं, माझ्यापेक्षा भारी. आज यंत्र फेकून दिलं आणि जिथनं तुम्ही घसरला तिथंच नुसत्या हातानं उकरत बसल्या. पाठीवर फावडं होतं, ते पण काढलं नाही. मी दोनदा ओरडलो. ऐकूच गेलं नाही त्यांना."

गाडीत ती स्टिअरिंगवर बोटांची पेरं टेकवून चालवत होती, नखं लागू नयेत म्हणून. उल्म शहराच्या पुढे आल्यावर मी म्हटलं, सॉरी. ती म्हणाली, "आत्ता नको." घरी आल्यावर दोन आठवडे तिला नीट टाइप करता येत नव्हतं. ऑफिसात तिनं सांगितलं, दारात बोटं अडकली. मुलीनं मात्र दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि या वेळी कुठल्याच भाषेत काही विचारलं नाही.

मला वाटलं, आता हे सगळं संपलं, श्नेशू तळघरात जातील. ते मला नको होतं, याचं मला नवल वाटलं. तिचं संध्याकाळचं अहवाल वाचणं बंद झालं होतं आणि चहा फार लवकर संपायचा. फोटो यायचे, ती ते उघडायची नाही. शेवटी एकदा मीच तिचा फोन तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, बघ की, साखर आहे का. तिनं बघितलं. "आहे," म्हणाली, आणि मला दाखवला. मी दोन बोटांनी तो मोठा केला. सुंदर होते ते दाणे, खोटं कशाला बोला.

नोव्हेंबरात तिनं माझ्यासाठी नवं यंत्र आणलं. त्याला वायरीचं भोक नव्हतं. जुनं तिनं माझ्या हातात देऊन सांगितलं, रिसायकलिंगला तू स्वतः टाकून ये. मी टाकून आलो.

डिसेंबरात पहिला बर्फ पडल्यावर आम्ही तिघं परत त्याच पार्किंगला उभे होतो. अहवालात दोन होतं. तो नेहमीसारखा हजेरी घ्यायला पुढे निघाला, तर बायको म्हणाली, "आज मी." ती पुढे जाऊन उभी राहिली, यंत्र शोधण्यावर टाकून. आधी तो गेला. वाजलं. तिनं मान हलवली आणि तो तिच्यामागे जाऊन आपल्या बुटाचे पट्टे आवळायला लागला.

मग मी गेलो. वाजलं. मी पुढे निघालो तर ती म्हणाली, "परत जा."

मी परत गाडीपर्यंत गेलो आणि परत तिच्यासमोरून चाललो. वाजलं. ती पडद्याकडे बघत होती. "परत."

आमच्यामागे एक जर्मन जोडपं थांबलं होतं, बाईनं हसून नवऱ्याला काहीतरी म्हटलं. मी तिसऱ्यांदा गेलो. तो मागून म्हणाला, "ताई, वाजतंय की. पहिल्यांदाच वाजलं."

"माहितीये मला," ती म्हणाली. तिच्या उजव्या हाताचं एक नख अजून वाकडंच होतं. यंत्र तिनं दोन्ही हातांत धरलं होतं आणि आवाज होता त्याहून मोठा केला होता. "तू परत जा. सावकाश ये."

मी गाडीपर्यंत मागे गेलो आणि सावकाश आलो. त्याला तिनं एकदाच पाठवलं होतं, हे मी मोजलं.